जीएसटीचं समन्स आल्यावर जबाबाची तयारी: शाहूपुरीतल्या एका सेवेबद्दल

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना भंगाराच्या खरेदीची बिलं खोटी असल्याच्या संशयावरून जीएसटी कायद्याच्या कलम ७० चं समन्स, म्हणजे चौकशीला हजर राहण्याचा हुकूम, आला की बहुतेक जण आधी सीए गाठतात. शाहूपुरीतलं हे कर-वकिलांचं कार्यालय जबाबाच्या आधीची आणि नंतरची तयारी करून देतं. एक-दोन उणिवा सोडल्या तर काम चोख आहे.

खरी किंमत कागदांच्या जुळणीची. संशयातल्या प्रत्येक बिलासमोर ई-वे बिल (माल नेण्यासाठी पोर्टलवर काढायचं बिल), बिल्टी, वजनकाट्याची पावती, गेटच्या रजिस्टरातली नोंद आणि बँकेतून गेलेली रक्कम लावून घेतात. ई-वे बिलावरचा गाडी नंबर स्कूटरचा निघाला, तर त्यावर प्रश्न येणारच. तिथे अंदाजाने उत्तर न देता ‘रजिस्टर पाहून सांगतो’ असंच लिहून घ्यायला लावा, हे ते पुन्हा पुन्हा बजावतात. खोटं पढवून मात्र देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ही चौकशी न्यायिक कार्यवाही मानली जाते, तिथे खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा ठरतो. वकील शेजारी बसेल असं खोटं आश्वासनही नाही. कोर्टाची परवानगी मिळालीच, तर तो दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर.

कायदाही नीट उलगडून सांगतात. कस्टमचे अधिकारी पोलीस नाहीत ही भूमिका सुप्रीम कोर्टाने राधिका अग्रवाल प्रकरणात २०२५ मध्ये कायम ठेवली आणि तोच विचार जीएसटीलाही लावला. म्हणजे पोलिसांपुढच्या कबुलीला असलेली बंदी इथे कामाला येत नाही. तुमचा सही केलेला जबाब खटल्यात तुमच्यावरच येऊ शकतो. धमकी, जबरदस्ती किंवा आमिष दाखवून घेतला असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २२ आहे, अशी कबुली त्याने बाद होते. पुरवठादाराने तुमचं नाव घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तो मयत, बेपत्ता वगैरे नसेल, तर जीएसटी कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे त्याला कोर्टात साक्षीला यावं लागतं आणि तो जबाब घेणं न्यायाचं आहे असं कोर्टाला वाटावं लागतं. मग उलटतपासणी आलीच. बचावाचा निम्मा जीव याच फरकात असतो.

कमी पडतात ते जबाब मागे घेण्याच्या पत्रात. पत्र लगेच पाठवतात हे उत्तम, कारण महिन्यांनी आलेल्या पत्राला वजन राहत नाही. पण मजकूर सगळ्यांना एकच: ‘दबावाखाली सही घेतली’. कितव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं लिहिलं, आत किती वाजता गेला, बाहेर किती वाजता आला, काय धमकी दिली, हे नसेल तर कोर्ट अशा पत्राकडे फारसं बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, आहे का, हेही स्वतःहून तपासत नाहीत. आपणच विचारावं लागतं. फी तोंडीच सांगतात, ती आधी लिहून घ्या.