चर्चच्या प्रायमरी शाळेतली रोजची वर्शिप: वर्षभराच्या वापरानंतर

आधीच सांगतो, हे ऑफस्टेडची शाळा-तपासणी, अ‍ॅडमिशनचं कॅचमेंट, वाचायला शिकवायचं फोनिक्स याबद्दल नाहीये, ते तुम्ही सगळ्यांनी कोळून प्यायलेलं असणार. हे फक्त टाइमटेबलवर 'कलेक्टिव्ह वर्शिप', म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणून लिहिलेल्या त्या रोजच्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल. मुलगी मागच्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाला लागली, आता इयर वनला आहे, तेवढ्यात माझं मत दोनदा फिरलंय आणि सध्या शाळेच्या ऑफिसशी ईमेलवर जुंपलेली आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगच्या बाजूला राहतो. चालत जाण्यासारखी शाळा एकच, ती चर्च ऑफ इंग्लंडची, फी शून्य, बसचे पैसे वाचतात, विषय संपला. इथे हे काही जगावेगळं नाही, इंग्लंडमधल्या साधारण दर चार सरकारी प्रायमरी शाळांपैकी एक यांचीच असते, कारण सरकारला शाळा काढायचं सुचायच्या कितीतरी आधी, 1811 मध्ये, यांनी नॅशनल सोसायटी स्थापून गरिबांच्या पोरांसाठी गावोगावी शाळा काढल्या होत्या. पगार आता सरकार देतं, म्हणजे आपल्याच टॅक्समधून, पण वर्शिप मात्र चर्चच्या पद्धतीची. आमची व्हॉलंटरी कंट्रोल्ड प्रकारातली आहे, तिथे अ‍ॅडमिशन इथली काउन्सिल (नगरपालिका) देते आणि चर्चला जाता का वगैरे कोणी विचारत नाही. व्हॉलंटरी एडेड असेल तर फॉर्म नीट वाचा, तिथे नियम शाळेचे गव्हर्नर (व्यवस्थापन मंडळ) ठरवतात.

सुरुवातीला मी खरं तर खूश होतो. मुलं रांगेने गप्प हॉलमध्ये येतात, जमिनीवर बसतात, पुढे टेबलावर कापड, क्रॉस आणि मेणबत्ती. कापडाचा रंग चर्चच्या कॅलेंडरप्रमाणे बदलतो, अ‍ॅडव्हेंट (ख्रिसमसआधीचे आठवडे) आणि लेंटला (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) जांभळा, ख्रिसमस-ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टच्या सणाला लाल, एरवी हिरवा. पोरीला हे इतकं पाठ झालंय की व्हिडिओ कॉलवर आजी जांभळी साडी नेसून बसली होती तर म्हणाली, "आजी, लेंट संपलं ना!" मधूनमधून आसपासच्या चर्चमधली रिटायर्ड मंडळी 'ओपन द बुक' म्हणून येतात, डोक्याला पंचे गुंडाळून बायबलच्या गोष्टी करून दाखवतात, वादळाला निळी चादर दोन्हीकडून हलवतात. पोरं जाम खूश असतात.

मेणबत्ती मात्र सेलवरची. हेल्थ अँड सेफ्टी. आणि हीच शाळा डिसेंबरात ख्रिस्टिंगल नावाच्या प्रार्थनेला सगळ्यांना चर्चमध्ये नेऊन, दिवे मालवून, चार-पाच वर्षांच्या पोरांच्या हातात संत्र्यात खोचलेली खरी पेटती मेणबत्ती देते, पुढच्या पोरीची वेणी वीतभर अंतरावर! संत्रं म्हणजे जग, लाल रिबीन म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, चार काड्यांना टोचलेला खाऊ म्हणजे देवाने दिलेलं पीकपाणी, मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त. प्रथा मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, 1747 ची, इंग्लंडच्या चर्चमध्ये आली 1968 मध्ये, चिल्ड्रन्स सोसायटी या मुलांसाठीच्या संस्थेच्या निधीसाठी. संत्रं घरून आणायचं, पाकिटात वर्गणी घालायची, आणि काड्यांना जेलीच्या गोळ्या, ज्यात जिलेटिन, म्हणजे मांसाहारी. ते सांगितल्यावर मनुका दिल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

मत पहिल्यांदा फिरलं ते जेवणाच्या टेबलावर. वरणभात वाढला, आम्ही दोघं खायला लागलो आणि ही हात जोडून, डोळे मिटून बसलेली. "बाबा, तुम्ही आमेन म्हटलंच नाही!" बायको हसली, मला काही हसू आलं नाही. आईला सांगलीला फोन लावला तर ती म्हणते, "श्लोक तुम्ही शिकवला असतात तर श्लोक म्हणाली असती, म्हणू दे की." आता आईच असं म्हणाल्यावर काय बोलणार, पण मी त्याच आठवड्यात विड्रॉवलचा, म्हणजे हिला वर्शिपमधून बाहेर ठेवा असा, ईमेल टाकला. तो हक्क आहे, 1998 च्या शाळांच्या कायद्याचं कलम 71, कारण द्यावं लागत नाही, शाळेला नाही म्हणता येत नाही.

आणि इथेच खरी गंमत. आठवडाभर पोरगी लायब्ररीच्या कोपऱ्यात टीचिंग असिस्टंटबरोबर चित्रं रंगवत बसायची, ठीक आहे. पण शुक्रवारी त्याच वेळेत 'सेलिब्रेशन वर्शिप'! म्हणजे आठवड्याचा स्टार, वाढदिवस, हाउस पॉइंट, रीडिंगची सर्टिफिकेटं, सगळं त्यातच, आधी मेणबत्ती आणि शेवटी प्रार्थना. आमचीला तेव्हाच सर्टिफिकेट मिळालं, 'काइंडनेस'साठी. हॉलमध्ये नाव पुकारलं, ही लायब्ररीत. बुकबॅगेत चार घड्या घालून घरी आलं ते, एका घडीवर केळ्याचा डाग. मुलगी म्हणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या पण मी नव्हतेच.

ऑफिसला लिहिलं की सर्टिफिकेटं आधी वाटा, मग हिला बाहेर पाठवा आणि प्रार्थना करा. उत्तर आलं की मध्येच कोणी उठून गेलं तर वातावरण बिघडतं. मग लिहिलं की वर्शिप दिवसात कधीही, आणि सगळ्यांनी एकत्र न बसता वर्गावर्गातही घेता येते, कायद्यात तशी मुभा आहे, तर मग सर्टिफिकेटं वेगळ्या वेळी द्या. उत्तर, "सेलिब्रेशन हा आमच्या वर्शिपचाच भाग आहे." मग लिहिलं की कलम 71 मध्ये 'पूर्ण किंवा अंशतः' असं आहे, मला अंशतः पाहिजे. यावर "हेडशी बोलून कळवतो", ते अजून बोलतायत. बायको म्हणते एका कागदासाठी किती डोकं लावशील. पण प्रश्न कागदाचा नाहीच, बाहेर पडायचा हक्क द्यायचा आणि बक्षिसं मात्र आतच वाटायची, याला काय अर्थ आहे? नोव्हेंबर 2025 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने नॉर्दर्न आयर्लंडच्या केसमध्ये, बेलफास्टच्या प्रायमरीतल्या मुलीची होती, हेच म्हटलंय, की नुसता मूल बाहेर काढायचा हक्क दिला म्हणजे भागलं असं नाही, त्याने मूल वेगळं पडू शकतं. ती मुलगीपण घरी जेवणाआधी प्रार्थना करायला लागली होती, वाचून मी बायकोला दाखवलं. तो निकाल तिकडच्या शाळांतल्या धर्मशिक्षण आणि वर्शिपपुरता, इंग्लंडच्या चर्च शाळांना तसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून ईमेलमध्ये घातला नाही.

शेवटी पोरीलाच विचारलं तर तिला परत हॉलमध्ये जायचं होतं, इस्टरनंतर पाठवली. आणि आता दुसऱ्यांदा मत फिरल्याचं सांगतो, कारण पालकांना बसू देतात त्या दिवशी मी जाऊन बघितलं. प्रार्थनेआधी मिस स्पष्ट म्हणाल्या, ही प्रार्थना स्वतःची मानायची असेल तर आमेन म्हणा, नसेल म्हणायचं तर नुसतं शांत बसा. मग खरंच शांत, हॉलभर पोरं आणि फक्त रेडिएटरचा आवाज. आपल्याकडे परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार उरकून मोकळे, आणि शांतता असायची ती पट्टीच्या भीतीने. इथे विचार करायला म्हणून गप्प बसवतात आणि पाच वर्षांची पोरं बसतात, हे मला पटलं नसतं बघितल्याशिवाय. वर्गात एक रिफ्लेक्शन कॉर्नरपण आहे, पाण्याचं भांडं आणि शेजारी खडे, कोणाची काळजी वाटत असेल तर खडा पाण्यात सोडायचा. आमची आजीच्या गुडघ्यासाठी सोडते. ऑपरेशनची तारीख मिळाली हे सांगितलं तरी सोडतेच, म्हणे अजून दुखतंय ना.

म्हणजे वस्तू चांगली, सर्व्हिस भिकार. शांत बसणं, गोष्टी, खडे याला पाचपैकी साडेचार, आमेनचे अर्धा वजा. शुक्रवारला शून्य, आणि तो ईमेल मी दर सोमवारी परत पाठवणार आहे.

बाकी काल हार्वेस्ट फेस्टिव्हलचं (सुगीच्या सणाचं) पत्र आलंय, फूड बँकेसाठी टिन पाठवा, बेक्ड बीन्स नकोत म्हणे, ढीग झालाय, टिनमधली फळं आणि टिकाऊ दूध द्या. फळांचा चाराचा पॅक ऑफरमध्ये मिळाला, तीन शाळेत आणि अननसाचा घरी, शिऱ्याला.