पहिलं आरसी जेट: ईडीएफ की टर्बाइन?

पहिलं आरसी जेट, म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं जेट, घेणाऱ्याला मी ईडीएफच सुचवेन; त्यात नळीत बसवलेला पंखा विजेच्या मोटरने फिरतो. ७० मिमीचा पंखा, ६ सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, गुरुत्वमध्य तपासला की विमान उड्डाणाला तयार. उड्डाण जेमतेम ४-५ मिनिटांचं, हे मात्र खटकतं.

टर्बाइन म्हणजे केरोसिनवर चालणारं छोटं जेट इंजिन. त्याचा आवाज आणि केरोसिनचा वास, त्याला तोड नाही! पण ते इंजिन मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि थ्रॉटलला (जोर कमी-जास्त करायच्या कांडीला) सावकाश प्रतिसाद देतं. उतरताना वेग फार पडला, तर जोर येईपर्यंत काही सेकंद जातात; तेवढ्यात विमान जमिनीला टेकतं. म्हणून थ्रॉटल आधीच थोडा वाढवून ठेवावा लागतो. शिवाय केरोसिनमध्ये तेल मिसळणं, सुरू करताना अग्निशामक हाताशी ठेवणं आलंच. खर्चही कित्येक पट.