अकूस्टिक न्यूरोमात रक्तस्राव: लगेच ऑपरेशन की थांबून एमआरआय?

अकूस्टिक न्यूरोमा म्हणजे कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या, ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवरची गाठ. ही गाठ कॅन्सरची नसते आणि वाढते पण हळू, म्हणून एरवी दर ६ ते १२ महिन्यांनी एमआरआय करत थांबणं ठीकच असतं. गाठीत रक्तस्राव तसा क्वचितच होतो, पण झाला आणि अचानक जोरात डोकं दुखलं, उलट्या, चेहरा वाकडा, चालताना तोल जातोय, तर घरी थांबूच नका, कारण फुगलेली गाठ ब्रेनस्टेमवर (मेंदूचा खालचा, श्वास-हृदयाचे ठोके सांभाळणारा भाग) दाबते, मेंदूतलं पाणी अडतं आणि तेव्हा बहुतेकदा ऑपरेशनच लागतं. रेडिएशनने दाब लगेच उतरत नाही. रक्तस्राव छोटा, पेशंट स्थिर असेल तर मात्र लक्ष ठेवून थांबता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, स्वतःहून बंद करू नका प्लीज.