पोकरमध्ये टाइट (मोजकेच हात खेळणाऱ्या) हौशी प्लेयरने रिरेझ मारला: फोल्ड, कॉल की फोर-बेट?

खेळ टेक्सस होल्डेमचा: तुम्ही बोली वाढवली, त्याने ती पुन्हा वाढवली (रिरेझ), आता हात टाकायचा (फोल्ड), तेवढेच पैसे भरायचे (कॉल) की आणखी वाढवायचं (फोर-बेट)? आधी समोर कोण आहे ते बघा. मजेसाठी खेळायला येणारा, बराच वेळ गुपचूप पत्ते टाकत बसलेला, आणि आता तुम्ही 3 बिग ब्लाइंडने (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी भरावी लागणारी सक्तीची मोठी बोली) ओपन केल्यावर, म्हणजे पहिल्यांदा बोली वाढवल्यावर, अचानक 10 करून मोकळा झालेला. दोघांचे स्टॅक (समोरच्या चिप्स) 100 बिग ब्लाइंडचे धरू. इथे कुठल्या हाताने काय करायचं याचा पाठ केलेला चार्ट जरा बाजूला ठेवा, कारण चार्ट असं धरून चालतो की समोरचा मधूनमधून एस-फाइव्ह सुटेड (एकाच छापाचे एक्का आणि पंजी) वगैरे घेऊन ब्लफही मारतो, आणि हा गडी ते करतच नाही. याच्याकडे साधारण क्वीन्स, किंग्स, एसेस (म्हणजे त्या-त्या पत्त्याची पेअर) नाहीतर एस-किंग असतं, म्हणजे हातातल्या दोन पत्त्यांच्या 1326 शक्य जोड्यांपैकी 34 कॉम्बो, जेमतेम अडीच टक्के हात. त्यातले काही जण तर एस-किंगसुद्धा नुसतं कॉल करतात, मग उरले 18 कॉम्बो.

फोर-बेटचं आधी उरकून टाकू. ब्लफ म्हणून फोर-बेट म्हणजे निव्वळ हात दाखवून अवलक्षण, तो किंग्स टाकणार आहे का? नाही. राहिला व्हॅल्यूचा, म्हणजे चांगल्या हातावर जास्त पैसे काढण्याचा, प्रश्न. एसेस असतील तर बिनधास्त मारा. किंग्सला या 34 वाल्या रेंजसमोर (त्याच्याकडे असू शकणाऱ्या सगळ्या हातांसमोर) साधारण 57 टक्के इक्विटी, म्हणजे जिंकण्यातला सरासरी वाटा, आहे त्यामुळे क्वीन्स आणि एस-किंग घेऊन शेवटपर्यंत येणारा असेल तर मारा, पण फोर-बेट बघून क्वीन्स टाकून देणारा असेल तर किंग्सनेही नुसतं कॉल करणं मला जास्त पटतं, नाहीतर तुम्ही ज्यांना हरवता ते सगळे पळवून लावता आणि एसेस तेवढे समोर ठेवता. क्वीन्सचं तर याहून वाईट, आकड्यात 40 टक्के दिसतात पण ते सगळे एस-किंगमुळे, आणि एस-किंगने फोल्ड केलं की उरतात फक्त किंग्स-एसेस. एस-किंगलाही 39-40 टक्केच, म्हणून ऑल-इन (सगळा स्टॅक लावणं) नको, पोझिशन असेल, म्हणजे तुमची पाळी त्याच्यानंतर येत असेल, तर कॉल.

आता खरी तुलना, फोल्ड की कॉल. तुम्हाला आणखी 7 टाकायचेत आणि पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या पैशांत) ब्लाइंड धरून 14.5 पडलेत, म्हणजे साधारण 33 टक्के इक्विटी हवी. जॅक्सला या रेंजसमोर 36 मिळते, म्हणजे कागदावर कॉल. पण गंमत अशी की टेन्सला आणि नाइन्सलाही जवळपास तेवढीच मिळते, कारण समोर एकतर तुमच्यापेक्षा मोठी पेअर आहे नाहीतर एस-किंग, मधलं काहीच नाही. म्हणजे जॅक्स दिसायला देखणे असले तरी इथे त्यांचं काम नाइन्सएवढंच आहे. आणि ते 36 टक्के शेवटपर्यंत पदरात पडतही नाहीत, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, क्वीन, किंग किंवा एस पडण्याची शक्यता 57 टक्के, तसं झालं आणि त्याने बेट मारली की तुम्ही निघालात. फ्लॉप छोटा आला तर तो क्वीन्स घेऊन बेट मारत राहतो आणि तुम्ही पैसे देत राहता, ते वेगळंच.

सेटसाठी (हातातल्या पेअरचा तिसरा पत्ता फ्लॉपवर लागावा म्हणून) कॉल करायचा म्हणाल तर सेट लागतो साधारण साडेआठात एकदा. 7 टाकून मागे 90 उरतात, म्हणजे कॉलच्या तेरापट. सहसा लोक पंधरा-वीसपट बघतात, पण हा एसेस कधीच सोडत नसेल तर तेरापटही पोझिशनमध्ये चालून जातं, असं माझं मत. पोझिशन नसेल तर नाइन्सपासून खाली सगळं फोल्ड, जॅक्स-टेन्सही टाकले तरी काही बिघडत नाही, ब्लाइंडमधून जॅक्स घेऊन आंधळी कोशिंबीर खेळण्यापेक्षा ते बरं. स्टॅक 50-60 चे असतील तर सेटचा हिशोबच बसत नाही, फोल्ड.

एस-क्वीन मात्र सुटेड असलं तरी टाका. इक्विटी पाव भागाच्या आसपास, आणि त्याहून वाईट म्हणजे एस लागला तरी समोर एस-किंग, क्वीन लागली तरी किंग्स. किंग-क्वीनचंही तेच रडगाणं. सेव्हन-एट सुटेड किमान डॉमिनेट (एक पत्ता सारखा आणि दुसरा त्याचा मोठा, असं) तरी होत नाही पण 7 टाकून तेही परवडत नाही.

साइज बघायला मात्र विसरू नका. त्याने 10 ऐवजी 6 च केले तर तुम्हाला 3 टाकायचेत आणि मागे 94 आहेत, एकतीसपट, मग कुठलीही पेअर कॉल आहे, टूज धरून. याउलट 15-16 केले तर बऱ्याचदा जॅक्स किंवा क्वीन्स असतात, फ्लॉप बघायचीच भीती वाटत असते त्याला, पण तरी तुमच्या टेन्ससाठी ते महागच, आणि तुमच्याकडे किंग्स असतील तर मात्र हाच तो स्पॉट जिथे फोर-बेट मारायला अजिबात कचरायचं नाही.