इब्रुटिनिब : बाबांच्या सीएलएलवर (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) काही महिने वापरल्यानंतर

रक्ताच्या रिपोर्टवर लिम्फोसाइट्सपुढे (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पुन्हा लाल खूण आली आणि जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, ‘गोळी लागू पडत नाहीये, बंद करा.’ म्हणून हे लिहितेय. गोळी लागू पडलीय. बाबांच्या मानेच्या गाठी बसल्या, शर्टाचं वरचं बटण लागतं, हिमोग्लोबिन चढतंय.

आकडा का वाढतो हे सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवं होतं. या आजाराच्या पेशी लिम्फ नोडमध्ये, म्हणजे मानेतल्यासारख्या गाठींमध्ये, तळ ठोकतात. तिथे त्यांच्या बी-सेल रिसेप्टरला (पेशीवरचा संदेश घेणारा भाग) जगण्या-वाढण्याचा संदेश मिळत राहतो. तो आत पोचवणाऱ्या बीटीके या प्रथिनाला इब्रुटिनिब कायमचं चिकटतं. संदेश थांबला की पेशींची नोडमधली पकड सुटते आणि त्या रक्तात उतरतात. म्हणजे गाठी कमी होतात तेव्हाच रक्तातला आकडा फुगतो.

तरी एक गोष्ट डाचत होती. ओपीडीत भेटणाऱ्या एका काकांचा आकडा याच गोळीवर भराभर उतरला, बाबांचा मात्र रेंगाळतोय. आम्ही स्वस्तातलं जेनेरिक घेतो, म्हणून महागाचं घ्यावं का, अशी घरात चर्चा सुरू झाली. मग दोघांचे आयजीएचव्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. आजाराच्या पेशींमधलं हे जनुक बदललेलं (म्युटेटेड) आहे की नाही (अनम्युटेटेड), ते या टेस्टमध्ये कळतं. काका अनम्युटेटेड, बाबा म्युटेटेड. अनम्युटेटेड पेशींचा रिसेप्टर सहसा जास्त जोरात संदेश देतो, म्युटेटेडमध्ये तो बराच थंड असतो. १९९९ पासून माहीत आहे की अनम्युटेटेड आजार जास्त वेगाने वाढतो. पण या गोळीवर रक्तातला आकडा म्युटेटेड रुग्णांमध्येच जास्त काळ वर राहतो, आणि नुसतं तेवढ्यावरून औषध फसलं असं ठरत नाही. जेनेरिक बदलायचा विचार सोडला.

पैशाचं बोलायचं तर आयजीएचव्ही एकदाच करा आणि कागद जपा, तो निकाल बदलत नाही. आम्हाला दुसऱ्या ठिकाणी तीच टेस्ट पुन्हा करायला सांगितली, मी ठाम नकार दिला. टीपी५३ आणि १७पी या जनुकीय बिघाडांची तपासणी मात्र नवीन औषध सुरू करण्याआधी दर वेळी करावीच लागते, तिथे काटकसर नको.

त्रास म्हणाल तर हातावर निळे डाग सहज उठतात. दात काढायचा असेल तर गोळी किती दिवस थांबवायची हे आधी हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) विचारा. छातीत धडधड झाली तर लगेच ईसीजी. बाबांना अजून तशी वेळ आलेली नाही. आली तर अकॅलाब्रुटिनिब या त्याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालेलं आहे. तोवर रोज ४२० मिलीग्रॅम चालू, आणि आकडा आता हळूहळू का होईना, खाली येतोय.