जॅझची पहिली ग्रेड की कथकची प्रारंभिक?

मुलगी सात-आठ वर्षांची आहे, नाचाची आवड आहे आणि यंदा एखाद्या परीक्षेला बसवावं असं घरात चाललंय. मुंबई-पुण्यातल्या पालकांसमोर साधारण दोन वाटा येतात. एक गांधर्व महाविद्यालय मंडळाची कथक प्रारंभिक, म्हणजे तिथली पहिली परीक्षा. दुसरी आयएसटीडी (इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग) या लंडनमध्ये 1904 साली स्थापन झालेल्या संस्थेची मॉडर्न नृत्याची सुरुवातीची ग्रेड, जिच्यात जॅझचा पाया घातला जातो.

प्रारंभिकला लेखी पेपर नसतो. सोळा मात्रांच्या तीनतालातला तत्कार (पायांचं काम) ठाय, दुगुन, चौगुन म्हणजे संथ, दुप्पट आणि चौपट लयीत, हस्तक (हातांच्या हालचाली), मोजके तोडे (बोलांवर बसवलेले छोटे तुकडे) आणि तोंडी प्रश्न: मात्रा म्हणजे काय, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, खाली (टाळी नसलेली जागा) कितव्या मात्रेवर. खरी कसोटी पढंतीत लागते. पायांना सवयीनं जमलेला तोडा हातावर ताल देत तोंडानं म्हणायला सांगितला की बऱ्याच मुली तिथेच अडखळतात. चांगली गोष्ट ही की याची तयारी घरी होते. आईला नाच येत नसला तरी सोळा मात्रा मोजता येतात, लेक समेवर आली की नाही हे कानाला कळतं.

जॅझचं तसं नाही, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. या परीक्षेत परीक्षक शरीराची रेष, म्हणजे अंगाची ठेवण, बघतात. आयसोलेशनचंच घ्या: फक्त बरगड्या डावीकडे न्यायच्या, खांदे आणि कंबर जागच्या जागी. मुलीला वाटतं आपण बरोबर करतोय, प्रत्यक्षात खांदा सोबत सरकलेला असतो. आरशासमोरसुद्धा तिला ते दिसत नाही, शिकलेल्या डोळ्यालाच दिसतं. किक मारताना खालचा गुडघा वाकणं, पाठ मागे झुकणं, या चुकाही तशाच. घरी रोज चुकीचं घोटून घेण्यापेक्षा वर्गात आठवड्यातून दोनदा बाईंच्या नजरेखाली केलेलं परवडतं. म्हणून वर्गात तीसजणी असतील आणि बाई स्वतः पुढे उभ्या राहून नाचत असतील, तर या ग्रेडच्या फंदात पडू नका.

जॅझची एक बाजू मला मनापासून आवडते. मुली दोन-चारच्या गटात आत जातात, व्यायाम आधीच ठरलेले आणि बसवलेले असतात. बुजऱ्या मुलीला त्याचा मोठा आधार वाटतो. गुणही ढोबळ नसतात: 100 पैकी 40 ला पास, 60 ला मेरिट, 80 ला डिस्टिंक्शन, आणि कुठल्या भागात किती पडले हेही कळतं.

खर्चात तुलनाच नाही. जॅझची फी प्रारंभिकच्या कितीतरी पट, वर लिओटार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा नाचाचा पोशाख. कथकला सलवार-कुर्ता, ओढणी आणि घुंगरू. लहान मुलीच्या पायात सुरुवातीलाच शंभर-शंभर घुंगरू बांधू नका.

दहावीचा हिशोब करणाऱ्यांसाठी: राज्य मंडळाचे वाढीव गुण शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांना आहेत, जॅझला नाहीत. पण एकट्या प्रारंभिकवरही ते मिळत नाहीत. पुढच्या परीक्षा वेळेत द्याव्या लागतात.

दोन्ही एकाच वर्षी? नको. कथकमध्ये तळवा सपाट, जोरात पडायला हवा, जॅझच्या उडीत आधी बोटं, मग चवडा, मग टाच, गुडघे मऊ आणि आवाज जवळजवळ नाही. नवशिक्या पायांना एकाच आठवड्यात दोन्ही सांगितलं की तत्कार बोदा होतो आणि उडी धपकन पडते. दोन-तीन वर्षांनी हेच दोन्ही जमतं.

मुलगी चालता-चालता बोल पुटपुटत असेल, टेबलावर ठेका धरत असेल, तर प्रारंभिक. आरशासमोर तासन्‌तास हातपाय ताणत बसत असेल आणि जवळ चांगली, लहान बॅच असेल, तर जॅझ. फक्त प्रवेश घेण्याआधी बाईंना एवढं विचारा: परीक्षेचा अर्ज तुम्ही स्वतः भरता का, आणि मागच्या वेळी तुमच्या किती मुली बसल्या?