शाळेच्या रोपांसाठी मातीचा माठ: घेण्याजोगा, पण बघून

रोपाशेजारी माठ पुरून पाण्याने भरला की पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळतं. त्यासाठी कुंभाराकडचा साधा, न रंगवलेला ५-७ लिटरचा माठच घ्या. रंगवलेले शोभेचे माठ झिरपत नाहीत, पैसे फुकट. पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागला तर चांगला, थेंब टपकत असतील तर तडा गेलेला. बुंध्यापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि भोवतीची माती नीट दाबा. पोकळी राहिली तर ओल मुळांपर्यंत पोचतच नाही. झाकण हवंच, नाहीतर डास. वर पाचटाचं आच्छादन, बुंध्याला न चिकटवता. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजतात. पाणी उतरेनासं झालं की माठ बदला. खरी गोची मेमधली: सुट्टीत दर ३-४ दिवसांनी भरणार कोण? शिपाईमामांशी आधीच बोलून ठेवा.